छोट्या दुकानाला स्वतःचा ब्लॉग हवा का? खर्च, फायदे, तोटे आणि आमच्या कृषी केंद्राचा अनुभव



तुमच्या घरी दुकान, वर्कशॉप, नर्सरी, मसाल्याचा घरगुती उद्योग असं काही असेल, तर एक काम न सांगता तुमच्याकडे येतं. "तुला मोबाइलचं कळते, तूच पाह्य." मग व्हॉट्सअॅपचं स्टेटस आपण टाकायचं, दिवाळीचं बॅनर आपण बनवायचं, क्यूआर कोड चालत नसेल तर तोही आपणच बघायचा. माझंही तेच आहे. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात आमचं छोटं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. दुकान बाबा चालवतात आणि त्याची 'ऑनलाइन' बाजू गेली काही वर्षं माझ्याकडे आहे.

या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: दुकानाचं फेसबुक पेज आहे, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मग वेगळा ब्लॉग कशाला? आजच्या लेखात आपण याचंच उत्तर बघणार आहोत. ब्लॉग म्हणजे नेमकं काय, कोणाला हवा, कोणाला अजिबात नको, खर्च किती, फोनवरून कसा सुरू करायचा आणि कुठे फसायला होतं. आधीच सांगतो, उत्तर सरसकट 'हो' नाही.

ब्लॉग म्हणजे नेमकं काय?

'वेबलॉग' या शब्दाचं छोटं रूप म्हणजे ब्लॉग. इंटरनेटवरची अशी जागा, जिथे तुम्ही लेख लिहिता, प्रत्येक लेखाला स्वतःचा पत्ता म्हणजे लिंक मिळते आणि तो लेख वर्षानुवर्षं त्याच पत्त्यावर राहतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन सोयी म्हणजे ब्लॉगर आणि वर्डप्रेस. ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झालं आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. वर्डप्रेसची सुरुवातही २००३ चीच.

फरक समजायला सोपं उदाहरण देतो. आपल्याकडे दुकानदार दोन प्रकारे जाहिरात करत आले आहेत. एक म्हणजे पेपरात टाकलेलं पॅम्फ्लेट आणि दुसरं म्हणजे दिवाळीला गिऱ्हाइकाला दिलेलं कॅलेंडर. पॅम्फ्लेट सकाळी येतं आणि दुपारी त्यात भजी बांधली जातात. कॅलेंडर मात्र वर्षभर भिंतीवर राहतं, कारण त्यात एकादशी, बाजाराचा वार, दुधाचा हिशोब असं कामाचं काहीतरी असतं. दुकानाचं नाव आणि नंबर खाली असतो, पण माणूस बघतो ते तारखेसाठी.

व्हॉट्सअॅप स्टेटस हे पॅम्फ्लेट आहे. ते २४ तासांत गायब होतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकची पोस्ट थोडी जास्त टिकते, पण चार दिवसांनी ती शोधून काढणं आपल्यालाच जड जातं. ब्लॉग हे कॅलेंडर आहे. त्यात कामाचं काही असेल तरच ते भिंतीवर राहतं. हे 'असेल तरच' लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सोशल मीडिया असताना वेगळी जागा कशाला?

कारण तिथली जागा आपली नसते. ही नुसती भीती नाही, असं खरंच घडलेलं आहे.

- २९ जून २०२० ला भारत सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या कित्येकांनी तिथे कमावलेले फॉलोअर एका रात्रीत गेले.
- ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडलं. भारतात तेव्हा रात्र होती म्हणून आपल्याला कमी जाणवलं.
- ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला कायमचं बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं.
- गूगल बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानदारांना एक फुकट वेबसाइट बनवून मिळायची. ती सोय गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी पावतीवर, बोर्डावर तो पत्ता छापला होता, त्यांचा पत्ताच गेला.

आमचंही असंच काहीसं झालं. एका सोशल मीडिया अॅपवर दुकानाचं पेज होतं. चार हंगामांचे फोटो, शेतकऱ्यांचे मेसेज, कोणत्या वर्षी कोणता वाण चालला त्याच्या नोंदी, सगळं तिथेच. एक दिवस 'तुमचं पेज बंद होणार आहे, इथे क्लिक करा' असा मेसेज आला आणि मी घाईत क्लिक केलं. पासवर्ड गेला, पेज गेलं. पुढचे तीन दिवस आमच्या दुकानाच्या नावाने कोणीतरी परदेशी गुंतवणुकीच्या जाहिराती टाकत होतं. चूक माझी होती. पण चार वर्षांचं सगळं एकाच जागी आणि तेही दुसऱ्याच्या जागी ठेवलं होतं, ही त्याहून मोठी चूक होती.

बाबा एवढंच म्हणाले, "आपली वही आपल्या गल्ल्यात पाहिजे होती बापू."

कोणाला ब्लॉग हवा, कोणाला नको?

मी एक साधी कसोटी वापरतो. तुमचा गिऱ्हाईक वस्तू घेण्याआधी प्रश्न विचारतो का? विचारत असेल आणि तोच प्रश्न दहा जण विचारत असतील, तर ब्लॉगचा उपयोग आहे. गिऱ्हाईक सरळ येऊन 'अर्धा किलो द्या' म्हणत असेल, तर नाही.

*ब्लॉगचा उपयोग होईल असे व्यवसाय:*

- कृषी केंद्र, रोपवाटिका, ठिबक, पंप आणि मोटर दुरुस्ती
- हळद पावडर, मसाले, लोणची असे घरगुती उद्योग, जे बाहेरगावी कुरियर करतात. आपल्या जिल्ह्यात उमरखेड, महागाव, पुसद पट्ट्यात हळद होते. ती पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकायची तर ती कशी शिजवली, कशी वाळवली, कशी दळली हे सांगावंच लागतं.
- पर्यटनाशी जोडलेले व्यवसाय. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याचं उदाहरण घ्या. ते जवळपास १४८ चौरस किलोमीटरचं आहे आणि वाघ बघायला नागपूर-हैदराबादकडून लोक येतात. पावसाळ्यात सफारी बंद असते. कुठल्या गेटने जायचं, राहायची जागा गेटपासून किती लांब, थंडीत पहाटे जिप्सीत काय घालायचं, हे सगळं लोक घरून निघण्याआधी शोधतात.
- क्लासेस, फोटोग्राफर, इंटेरियर, सोलर बसवणारे

*ज्यांना ब्लॉगची गरज नाही:*

- किराणा, पानटपरी, सलून, रसवंती, झेरॉक्स, नाश्त्याचं हॉटेल

दुसऱ्या यादीतल्यांनी ब्लॉगवर एक तासही घालवू नये. गूगल मॅपवर दुकानाचं ठिकाण, खरी वेळ, चालू नंबर, चार स्वच्छ फोटो आणि व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग एवढं पुरतं. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू टाकता येतात. कितीतरी किराणा दुकानांत एवढ्या वस्तू फोटोसकट लावून ठेवायलाच आठवडा जाईल.

जगात कोणाला फायदा झाला का?

झाला. दोन उदाहरणं मला आवडतात, कारण दोघंही आपल्यासारखे छोटे होते.

पहिलं लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावरून. थॉमस माहोन नावाच्या शिंप्याने २००५ मध्ये 'इंग्लिश कट' हा ब्लॉग सुरू केला. सूट कसा बेततात, कापड कसं ओळखायचं, किंमत एवढी का असते, हे तो साध्या भाषेत लिहायचा. एवढं महाग शिवणकाम करणारे तोवर तोंड मिटून बसत. याने आतलं सगळं सांगितलं आणि परदेशातून गिऱ्हाइकं आली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं. तिथे पोहण्याचे तलाव बसवणारी 'रिव्हर पूल्स' नावाची कंपनी २००८ च्या मंदीत बुडायच्या बेताला आली होती. भागीदार मार्कस शेरिडन याने गिऱ्हाइकं विचारत असलेला प्रत्येक प्रश्न लिहून काढला आणि वेबसाइटवर उत्तरं द्यायला सुरुवात केली. तलावाला खर्च किती येतो? त्यात काय अडचणी येतात? बाकीचे व्यावसायिक जे प्रश्न टाळत होते, नेमकी त्यांचीच उत्तरं त्याने दिली. कंपनी तरली.

आपल्याकडे 'मधुराज रेसिपी'चं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. आधी रेसिपी दाखवल्या, विश्वास मिळवला, मसाले नंतर आले. ते माध्यम व्हिडिओचं होतं, पण क्रम तोच: आधी उपयोग, मग विक्री.

आम्ही काय लिहिलं?

पेज गेल्यावर मी ब्लॉगरवर खातं उघडलं. बाबांचं मत स्पष्ट होतं. "हे कोन वाचते बे? शेतकऱ्याले पेपर वाचाले टाइम नाही." सुरुवातीला त्यांचंच खरं ठरलं. पहिल्या तीन महिन्यांत रोज दोन-तीन जण यायचे आणि त्यातला एक मी असायचो. कारण मी 'आमच्याकडे सर्व प्रकारची दर्जेदार बियाणी योग्य दरात मिळतील' छापाचं लिहीत होतो. ते पॅम्फ्लेट होतं, कॅलेंडर नव्हतं.

मग मी काउंटरमागे बसून आठवडाभर फक्त ऐकलं. लोक काय विचारतात ते वहीत लिहिलं. एक प्रश्न रोज यायचा: "हे औषध लय कडक हाये का?"

या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यात वजन आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र मिसळणं, अंगावर साधा सदरा, नाका-तोंडाला काही नाही. तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गावात त्या महिन्यांत अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की बाया दारात येऊन उभ्या राहायच्या, हे मला आठवतं.

म्हणून मी पहिला खरा लेख लिहिला तो औषधाच्या डब्यावरच्या रंगाबद्दल. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्या मानाने कमी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे. चार रंगांचे चार फोटो, खाली चार ओळी. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका, उपाशीपोटी फवारू नका, मळमळ किंवा अंधारी आली तर लगेच काम थांबवा, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा सोबत दवाखान्यात न्या, म्हणजे डॉक्टरला विष कोणतं ते कळेल.

दुकानात पोस्टर लावलं होतं, तेच सगळं यात होतं. फरक एवढाच की पोस्टर दुकानात राहतं आणि फवारणी वावरात होते. लेखाची लिंक आम्ही बिलाच्या मागे क्यूआर कोड करून छापली. आता दरवर्षी जुलै लागला की त्या एका लेखाचा आकडा आपोआप वर जातो. मी तो पुन्हा शेअरही करत नाही.

मग खर्च किती?

*फुकट मार्ग:* ब्लॉगरवर पैसे लागत नाहीत. पत्त्याच्या शेवटी 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' असं येतं. शिकायला हे उत्तम.

*थोडा खर्च:* स्वतःचा डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा पत्ता. 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' साधारण हजार रुपयांच्या आसपास वर्षाला पडतो. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन दुसऱ्या वर्षी दर वाढवतात, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी बघा. 'डॉट भारत' हा देवनागरी पत्ताही २०१४ पासून मिळतो, पण टाइप करायला लोक अजून अडखळतात.

*जास्त खर्च:* वर्डप्रेस आणि भाड्याची होस्टिंग जागा. याला वर्षाला काही हजार रुपये आणि देखभाल लागते. छोट्या दुकानाने सुरुवात इथून करू नये.

माझा सल्ला असा: ब्लॉगर फुकट ठेवा, पण डोमेन विकत घ्या. का? गूगलने फुकट वेबसाइट बंद केल्याचं वर वाचलंच. उद्या ब्लॉगरचंही काही झालं, तर तोच डोमेन दुसरीकडे जोडता येतो आणि पावतीवर छापलेला पत्ता बदलत नाही. जागा भाड्याची चालेल, पाटी आपली हवी.

इथे एक सावधगिरी. डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर घेतलाय ते बघा. आमच्या ओळखीच्या एका मोटर वाइंडिंगवाल्या काकांनी वेबसाइट बनवून घेतली. बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतला. दुसऱ्या वर्षी तिप्पट पैसे मागितले. काकांकडे ना पासवर्ड होता ना पावती. शेवटी नवीन नावाने पहिल्यापासून सुरू करावं लागलं. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण विहीर खणत नाही, तसंच हे.

फोनवरून ब्लॉग कसा सुरू करायचा?

१. दुकानासाठी वेगळं गूगल खातं उघडा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. माझ्यासारखी फजिती टाळायची असेल तर ही पायरी सोडू नका.

२. क्रोममध्ये ब्लॉगरची साइट उघडा, त्या खात्याने लॉगिन करा, ब्लॉगचं नाव आणि पत्ता निवडा. नावात धंदा आणि गाव दोन्ही आलं तर उत्तम.

३. साधी, पांढऱ्या पार्श्वभूमीची थीम घ्या. गावात नेटवर्कची एकच कांडी असते, जड थीम उघडतच नाही.

४. जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचं बटण दाबून बोला. बाबांचे अर्धे लेख मी असेच 'लिहिले' आहेत. ते बोलतात, मी नंतर शुद्धलेखन बघतो.

५. शीर्षक प्रश्नासारखं ठेवा. 'खत व्यवस्थापन' असं नको. 'कपाशीला पहिला खताचा डोस कधी द्यायचा?' असं हवं. लोक गूगलला असंच विचारतात आणि बोलून शोधणाऱ्यांची भाषा तर अगदी घरगुती असते. गूगलवर मराठीत बोलून शोधायची सोय २०१७ पासून आहे.

६. फोटो स्वतःच्या फोनने काढलेले वापरा आणि टाकण्याआधी त्यांचा आकार कमी करा.

७. गूगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉग जोडा. तुमचा ब्लॉग अस्तित्वात आहे हे गूगलला तिथून कळतं. लेख शोधात दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात.

८. दर दोन-तीन महिन्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन बॅकअप उतरवून घ्या. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं गूगल खातं हटवलं जाऊ शकतं, असा गूगलचा २०२३ पासूनचा नियम आहे. म्हणून खातं वापरात ठेवा.

काय लिहू नये?

*जुने भाव.* हा धडा आम्ही अकरा रुपयांत शिकलो. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवतं. बीजी-२ ची किंमत २०२३ मध्ये ८५३ रुपये होती, २०२४ मध्ये ८६४ झाली. मी ८५३ चा लेख तसाच ठेवला होता. जूनमध्ये दिग्रसकडचे एक काका फोनवर तो लेख उघडूनच आले. "तुमच्याच दुकानानं लिहेल हाये." लेखावर वर्ष लिहिलेलं नव्हतं. बाबांनी ८५३ च घेतले. नंतर मला म्हणाले, "अकरा रुपयाचं काही नाही. पण लिहेल शब्द पाळा लागते." त्या दिवसापासून प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत तारीख असते आणि भाव आम्ही लिहितच नाही. २०२५ मध्ये तो दर ९०१ झाला, तेव्हा मी निवांत होतो.

*मनाने दिलेलं प्रमाण.* औषधाचा डोस, मिश्रण, दोन औषधं एकत्र चालतील का, हे आपल्या अंदाजाने कधीही लिहू नका. लेबलवर आहे तेवढंच. शंका असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी बघा किंवा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर द्या. काउंटरवर चुकीचं बोललं तर एक शेतकरी फसतो, लिहिलं तर शंभर फसतात.

*रोग बरा करण्याचे दावे.* हळद, मध, काढे विकणाऱ्यांनी खास लक्ष द्या. 'मधुमेह बरा होतो' अशी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि चमत्कारिक उपचार कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. खाद्यपदार्थ विकत असाल तर आपला १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक मात्र जरूर लिहा.

*दुसऱ्याचे फोटो आणि लेख.* गूगलवर दिसलं म्हणजे फुकट, असं नसतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा ब्लॉगलाही लागू आहे. गिऱ्हाइकाचा फोटो किंवा नाव टाकायचं असेल तर आधी विचारा.

*एआयने बनवलेले दहा लेख रोज.* मोह होतो, मलाही झाला. पण 'पिकांचे महत्त्व' यावरचं गुळगुळीत लिखाण आधीच ढिगाने पडलं आहे. आर्णीच्या काळ्या जमिनीत यंदा काय झालं, हे तुम्हालाच माहीत असतं. शुद्धलेखन तपासायला एआय वापरा, माहिती तुमचीच असू द्या.

ब्लॉगचे तोटेही ऐका

पहिला तोटा वेळेचा. महिन्याला दोन चांगले लेख म्हणजे चार-पाच तास जातात. हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ते जमत नाही. दुसरा तोटा असा की फळ उशिरा मिळतं. सहा महिने काहीच झालं नाही तर नवल नाही. तिसरा तोटा नवा आहे. २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधात वरच एआयने बनवलेला सारांश दिसू लागला आहे. बरेच जण तेवढंच वाचून थांबतात, तुमच्या पानापर्यंत येत नाहीत. आणि चौथा, अर्धवट सोडलेला ब्लॉग वाईट दिसतो. शेवटचा लेख तीन वर्षांपूर्वीचा असेल तर माणसाला वाटतं, दुकान चालू आहे की बंद?

म्हणून लेख कमी लिहा, पण वर्षभर टिकणारे लिहा. आमच्या ब्लॉगवर आज पंधरा-सोळाच लेख आहेत. व्हॉट्सअॅप, फेसबुक सोडलेलं नाही. ते लोकांना बोलवायला, ब्लॉग उत्तर द्यायला. ग्रुपवर कोणी विचारलं की मी पुन्हा टाइप करत बसत नाही, लिंक देतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ लोकांची मर्यादा आहे आणि तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच मेसेज जातो. लिंकला असलं कुंपण नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ब्लॉगवरून जाहिरातीचे पैसे मिळतील का?* दुकानाच्या ब्लॉगवर जाहिराती लावूच नका. तुमच्याच लेखात शेजारच्या स्पर्धकाची जाहिरात दिसायची. ब्लॉगची कमाई काउंटरवर होते.

*यूट्यूब चांगलं की ब्लॉग?* हाताने करून दाखवायचं असेल तर यूट्यूब. तपासून बघायचं, जपून ठेवायचं, पुन्हा उघडायचं असेल तर ब्लॉग. व्हिडिओ बनवत असाल तर तो ब्लॉगच्या लेखात जोडता येतो.

*मराठीत लिहू की इंग्रजीत?* गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव करतो त्या भाषेत. टिपेश्वरजवळ होमस्टे असेल तर इंग्रजी-हिंदीही लागेल. कृषी केंद्राला मराठीच.

*ब्लॉगवर मोबाइल नंबर द्यावा का?* दुकानाचा द्या, घरचा नको. उलट खरा नंबर आपल्या पानावर असणं चांगलं, कारण खोटे कस्टमर केअर नंबर टाकून फसवणारे खूप आहेत. 'आम्ही ओटीपी कधीही विचारत नाही' ही ओळही लिहून ठेवा.

शेवटी, आमचा एक लेख

मागच्या वर्षी मी बाबांना एक विषय सुचवला: 'बियाणं उगवलं नाही तर काय करायचं?' बिल जपून ठेवा, पाकीट आणि त्यावरचं लेबल फेकू नका, थोडं बियाणं बाजूला काढून ठेवा, तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या, तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. एवढंच.

बाबा बराच वेळ गप्प बसले. बियाणं विकणाऱ्यानेच तक्रार कशी करायची ते शिकवायचं? उद्या तक्रार आली तर बिलावर नाव आमचंच असणार. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो का?" म्हणाले. मलाही उत्तर नव्हतं. मी रिव्हर पूल्सची गोष्ट सांगितली. ते काही फार पटल्यासारखं दिसलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच फोन माझ्या हातात दिला आणि माइक चालू कर म्हणाले. पहिली ओळ त्यांनी बोलली ती अशी: "बिल मागा. आमच्याकडूनही मागा."

तो लेख आजही आहे. त्या हंगामात दोन जण तक्रारीची माहिती विचारायला आले. एकाचं बियाणं आमच्याकडचं होतं, एकाचं नव्हतं. दोघांनाही बाबांनी अर्ज लिहून दिला. पुढच्या वर्षी दोघंही बियाणं घ्यायला आमच्याकडे आले. त्याला ब्लॉग कारण होता की तो अर्ज, मला ठामपणे सांगता येणार नाही.

तर मित्रांनो, छोट्या व्यवसायाला ब्लॉग हवा का? तुमच्याकडे गिऱ्हाइकाच्या दहा प्रश्नांची खरी उत्तरं असतील आणि ती लिहून त्यावर उभं राहायची तयारी असेल, तर हवा. नसेल तर गूगल मॅपवर दुकानाची वेळ नीट टाका, तेवढंच पुष्कळ आहे.

आज दुकानात बसाल तेव्हा एक वही घ्या आणि लोक काय विचारतात ते लिहा. सात दिवसांत वही भरली, तर ब्लॉग सुरू करायला हरकत नाही. हा लेख ज्याच्या घरी दुकान आहे अशा मित्राला नक्की पाठवा.